ऑफिसला एक, रविवारला एक: दोन सायकली खरंच लागतात का?

गॅलरीतली_सायकल

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज विचारतेच.

मी पुण्यात वारज्याला राहते, नोकरी शिवाजीनगरला. एका बाजूने नऊ-साडेनऊ किलोमीटर. गेली पाच वर्षं आठवड्यातले चार दिवस सायकलने जाते. शुक्रवारी नाही. शुक्रवारी येताना आठवड्याची भाजी असते, आणि एकदा पालकाच्या चार जुड्या आणि एक कलिंगड कॅरियरला बांधून वारज्याचा चढ चढले होते, तेव्हाच तो हट्ट सोडला. बाकीचे दिवस कर्वेनगर, डीपी रस्ता, म्हात्रे पूल आणि पुढे नदीपात्रातला रस्ता. धरणातून पाणी सोडलं की पात्रातला रस्ता बंद, मग नळस्टॉपवरून धूर खात जायचं. सव्वाआठला निघते, त्यामुळे घामाचा फार प्रश्न येत नाही. ओल्या पंचाने तोंड-मान पुसते, कुर्ता बदलते, झालं. ओढणी मात्र पिशवीत घडी करूनच नेते. पहिल्याच महिन्यात ती मागच्या चाकात गेली होती आणि मी भर डीपी रस्त्यावर गळ्याला हिसका बसून उभी.

सायकल साधी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची, जरा जाड टायरची. गिअरच्या पुढे तीन चकत्या, मागे आठ. ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर, मडगार्ड, कॅरियर, घंटी, सगळा संसार आहे. वजन केलं नाही, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही, त्यामुळे मला ते रोज दोनदा कळतं. खाली ठेवत नाही, कारण खालून एकदा सीट गेली. नुसती सीट. म्हणून गॅलरीत. तिथे सासूबाईंच्या कुरडया, पापड आणि माझी सायकल यांची उन्हाळाभर जागेवरून बोलणी चालतात. एप्रिलमध्ये हँडलवर सांडग्यांचं ताट होतं.

आता मुद्दा. दीड वर्षापासून रविवारी एका ग्रुपबरोबर जाते. पहाटे पावणेसहाला वडगाव पुलापाशी भेटायचं, खडकवासला, डोणजे, आणि ज्यांच्यात दम असेल त्यांनी गोळेवाडीहून सिंहगड. सपाटीवर मी थोडी मागे पडते, ते चालतं. पण चढाला फार मागे राहते. मंडळी वर पिठलं-भाकरी संपवून दह्याचं मडकं रिकामं करतात तेव्हा मी कशीबशी पोचते, आणि तेही दोनदा उतरून ढकलत. मी ४३ वर्षांची आहे हे मान्य, पण आमच्यातले एक काका ५९ चे आहेत आणि ते शिट्टी वाजवत जातात.

ग्रुपमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं: रोडी घे, म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची हलकी रोड बाइक. मी ४५ हजार बाजूला ठेवलेत. पण गॅलरीत दोन सायकली मावणार नाहीत, हे सासूबाईंच्या आधी मीच सांगते. मग हायब्रिड विकून एकच रोडी घ्यावी आणि तीच ऑफिसलाही न्यावी का? कुणी रोज रोडीवर ऑफिसला जातं का? डबा, छत्री, कपडे कुठे ठेवता?

जाता जाता अजून दोन गोष्टी. सध्या चढाला मागच्या मोठ्या चकतीवर चेन नीट बसत नाही, टिक टिक आवाज येतो आणि मधेच चेन उडते. म्हणून मी मागच्या सगळ्यात मोठ्या दोन चकत्या वापरतच नाही. आणि जूनमध्ये पहिल्या पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबला आणि आडवी झाले. उजवं कोपर सोललं, डबा उघडला, भेंडीची भाजी कर्वे रस्त्यावर. एका रिक्षावाल्याने थांबून आधी डबा उचलून दिला, मग मला. तेव्हापासून बारीक टायरची भीतीच बसली आहे.

घाटवेडा

ताई, रोडी घ्या, विचार करू नका. मी तीन वर्षं हायब्रिडवर घासली आणि रोडी घेतल्यावर वाटलं, इतके दिवस ब्रेक लावूनच चालवत होतो की काय. खडकवासल्यापर्यंत माझी सरासरी ताशी २१ किलोमीटर होती, पहिल्याच महिन्यात २६ वर गेली. वाकून बसलं की वारा कमी लागतो, अर्धी मजा त्यातच आहे. ४५ हजारांत शिमानो कंपनीच्या क्लॅरिस गिअरची चांगली ॲल्युमिनियम रोडी मिळते, १०-११ किलोची. तिसऱ्या मजल्याचाही प्रश्न सुटला.

ऑफिसला पाठीवर सॅक. डबा सॅकमध्ये. पाठ भिजते, पण सवय होते.

दोनचाकी_तत्त्वज्ञ

इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. चढही नाही, घामही नाही.

गॅलरीतली_सायकल

@दोनचाकी_तत्त्वज्ञ, ती तिसऱ्या मजल्यावर तुम्ही आणून देणार असाल तर जरूर.

पान्हा_बाराचा

नमस्कार. माझं वय ६८. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखान्यात ३१ वर्षं काढली, त्यातली २६ वर्षं तिन्ही शिफ्ट सायकलने. आता नातवंडांच्या आणि शेजाऱ्यांच्या सायकली नीट करतो. कुणी पैसे देत नाही म्हणून सल्लाही फुकट देतो.

बाई, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं ते "जाता जाता" म्हणून शेवटी लिहिलंत. उजवं कोपर सोललं म्हणजे सायकल उजव्या बाजूला पडली. डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग, उजव्या बाजूला असतो. तो ज्या पट्टीला लटकतो तिला हँगर म्हणतात. हल्लीच्या ॲल्युमिनियम सायकलींत ती पट्टी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे मार बसला तर ती वाकावी आणि फ्रेम वाचावी. माझा अंदाज, तुमची ती वाकली आहे. टिक टिक चेनची नाही. डिरेलर आत झुकून आऱ्यांना घासतोय.

खात्री अशी करा. सायकल भिंतीला टेकवा, मागे उकिडवं बसा आणि मागच्या चाकाच्या रेषेत एक डोळा मिटून बघा. डिरेलरच्या दोन छोट्या चाकांचा पिंजरा चाकाला समांतर, सरळ खाली लोंबताना दिसला पाहिजे. खालचं टोक आऱ्यांच्या बाजूला गेलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. तोवर मोठी चकती अजिबात लावू नका, हे तुम्ही नकळत बरोबर करत होतात. चढावर जोर लावताना डिरेलर आऱ्यांत गेला तर डिरेलर, आरे आणि हँगर तिन्ही एकदम जातात आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. एका पोराचं असं झालेलं मी पाहिलंय. सायकल टेम्पोत घालून आणावी लागली.

आता हिशेब बघा. तुमच्या पुढच्या छोट्या चकतीला बहुधा २८ दात असतील आणि मागच्या सगळ्यात मोठीला ३२. मोजून घ्या. तो गिअर लावला तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.९ मीटर पुढे जाते. मोठ्या दोन चकत्या सोडल्या की तुम्ही २४ दातांवर येता, म्हणजे एका फेऱ्याला अडीच मीटर. म्हणजे जूनपासून तुम्ही दर फेऱ्याला तिसरा हिस्सा जास्त ओझं ओढताय, तेही सिंहगडावर. ढकलत न्यावी लागली नसती तरच नवल.

@घाटवेडा यांनी रोडीचं कौतुक केलं ते सपाटीपुरतं खरं आहे. पण त्या किमतीच्या रोडीला पुढे लहान चकती ३४ ची येते. मागे २८ असेल तर हिशेब जवळजवळ तिथेच येतो जिथे बाई आत्ता अडकल्यात. ३२ असली तरी हायब्रिडइतका हलका गिअर नाहीच. सायकल तीन-चार किलोंनी हलकी होईल, ते चढाला कळेल. पण गुडघ्यांना पहिल्यांदा गिअर कळतो, मग वजन.

चेनही मोजून घ्या. साधी फूटपट्टी चालते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनीत बारा इंचावर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. ती पिन अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण सूत पुढे गेली असेल तर मागच्या चकत्याही घासल्या, नुसती नवी चेन टाकली तर ती जुन्या दातांवरून उडेल. पाच वर्षं वापर आणि तितकेच पावसाळे म्हणजे मला पूर्ण सुताची शंका आहे.

चालवणं थांबवल्यावर मागून जो टकटक आवाज येतो तो मात्र फ्रीव्हीलच्या कुत्र्यांचा, म्हणजे आतल्या छोट्या खटक्यांचा. ती भुंकलीच पाहिजेत, त्यांची काळजी नको. डोणज्याच्या कुत्र्यांची करा.

घाटवेडा

काका, गिअरचा हिशेब मान्य. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण टायरचं काय? ३८ चे टायर आणि २८ चे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताई ३८ वर आहेत म्हणूनच सपाटीलाही मागे पडतायत.

पान्हा_बाराचा

रुंदीपेक्षा नक्षी आणि हवा बघा. अशा सायकलींना कंपनीकडून खोल नक्षीचे जाड टायर येतात, डांबरावर ते गुरगुरतात. तो आवाज म्हणजे तुमची वाया गेलेली मेहनत. बाई, हवा किती भरता?

गॅलरीतली_सायकल

काका, खोटं कशाला बोलू? कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भरते आणि अंगठ्याने दाबून बघते. तो म्हणतो "टाईट आहे", मी म्हणते "हो."

पान्हा_बाराचा

अंगठ्याला तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवाही कडक लागते आणि साठही. मीटरवाला उभा पंप घ्या, पंधराशेच्या आसपास मिळतो, घरातल्या सगळ्यांना पुरतो. टायरच्या कडेला किमान-कमाल छापलेलं असतं, त्याच्या आत राहायचं. गुळगुळीत ३२ चे टायर घालून पुढे ५५, मागे ६० भरा, तुमचं वजन साठ-पासष्ट धरून. पावसात दोन्हीकडे पाच कमी. टायर घेताना कडेला ३२-६२२ असं लिहिलेलं बघा. ६२२ म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. तो जुळलाच पाहिजे. रिमच्या रुंदीला ३२ चालेल का, हे दुकानात मोजून घ्या. बहुतेक चालतं.

२५ चे टायर आणि पुण्यातले खड्डे यांचं जमत नाही. हवा जरा कमी पडली आणि चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. सकाळी साडेआठला म्हात्रे पुलावर ते काम करायचं असेल तर घ्या बारीक टायर. शिवाय रोडीच्या ट्यूबला बारीक उंच व्हॉल्व्ह असतो, कोपऱ्यावरच्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. ती पितळी टोपी, अडॅप्टर, पिशवीत ठेवावी लागते. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण नेमकी हवी तेव्हा घरी असते.

आणि पांढऱ्या पट्ट्यावर कुठलाही टायर घसरतो, ३८ चाही. तुमचाच घसरला ना? पट्टा, गटारावरची लोखंडी जाळी आणि ओले पेव्हर ब्लॉक, या तिन्हींवर ब्रेकही नाही आणि वळणही नाही. ब्रेक अलीकडे डांबरावर लावून घ्यायचा आणि त्यांच्यावरून सरळ, सुटं जायचं.

नाशिकचा_निवांत

काकांना दंडवत. थोडा माझा अनुभव. मी २०० किलोमीटरचा ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, हायब्रिडवर पूर्ण केलाय. साडेतेरा तासांची मुदत असते, मला बारा तास पन्नास मिनिटं लागली. त्यात दोन पंक्चर, एक मिसळ आणि एका टपरीवर वीस मिनिटांची झोप धरून. आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून इथे ज्याला त्याला रोडी घ्यायची घाई. मीही नंतर घेतली, खोटं नाही बोलणार. लांब अंतराला हँडलवर हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, हेच तिचं खरं सुख. हायब्रिडच्या सरळ दांड्यावर शंभरनंतर तळहात बधिर होतात.

पण ऑफिसला रोडी मी तीन महिनेच नेऊ शकलो. तिला कॅरियरचे स्क्रू बसवायला भोकंच नव्हती, मडगार्ड बसेना. पावसात मागच्या चाकाने पाठीवर चिखलाची अशी सरळ रेघ ओढली की शिपाई म्हणाला, साहेब, आज कोणता पंथ? सॅकचं ओझं आणि खाली वाकून बसणं, मान आखडली. शेवटी जुनी हायब्रिड पुन्हा काढली.

ताईंना एक विचारायचंय. ग्रुपमध्ये कुणाची रोडी चालवून बघितलीत का? उंचीला जुळणारी?

गॅलरीतली_सायकल

बघितली. चार किलोमीटर. मी पाच फूट दोन इंच, सायकल पाच-नऊवाल्याची. वळताना पायाचा पुढचा भाग पुढच्या चाकाला लागत होता आणि ब्रेकपर्यंत बोटं पोचत नव्हती. सगळे मागून ओरडत होते, "कसं वाटतंय?" मी "मस्त" म्हणाले, कारण थांबवता येत नव्हती.

गॅलरीतली_सायकल

(तीन आठवड्यांनी)

काका, तुमची आठवण काढल्याशिवाय एक रविवार गेला नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही सांगितलं त्याच संध्याकाळी गॅलरीत उकिडवी बसून एक डोळा मिटून बघितलं. पिंजरा चांगला बोटभर आत झुकला होता. नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, असाच असतो तो. मग त्याच्या पुतण्याची सायकल आणून शेजारी उभी केली, तेव्हा गप्प बसला. आरे बघितले तर एकावर घासल्याची चकचकीत रेघ. माझ्या पोटात गोळाच आला. जूनपासून दर रविवारी मी ते घेऊन घाट चढत होते.

आमच्या भागातल्या एका दुकानात नेली. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, पूर्ण गिअर सेट बदलावा लागेल, नऊ हजार. मी काकांचा सल्ला तसाच बोलून दाखवला, "आधी हँगर बघा." तो आत गेला, मालकाशी बोलला आणि सायकल परत देत म्हणाला, ते काम आम्ही करत नाही. मग कर्वेनगरला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी डिरेलर काढला, त्या जागी एक लांब दांडीचं हत्यार पिळलं, चाकाच्या चारी बाजूंनी अंतर बघत हळूहळू बाहेर ओढलं. कोपरापासून हात हलत नव्हता, नुसतं मनगट. सरळ झालाय, पण एकदा वाकलेला पुन्हा लवकर वाकतो, म्हणून त्याच मापाचा नवा मागवून ठेवायला सांगितलंय. चाकाचा आऊटही काढला, म्हणजे डुलणारं चाक सरळ केलं. सगळ्याचे ३५० घेतले आणि चहा पाजला.

चेन फूटपट्टीने मोजली. पूर्ण सूत नाही, त्याहून थोडी जास्तच. चेन, मागची कॅसेट (चकत्यांचा संच) आणि ३२ चे दोन गुळगुळीत टायर बदलले. पंप घेतला. ४५ हजारांतले अजून सहा हजारही खर्च झाले नाहीत.

परवाचा रविवार. गोळेवाडीपर्यंत ग्रुपच्या मधोमध होते, टायर गुरगुरत नाहीत हे सतत जाणवत होतं, कुणीतरी मागे बोलणं थांबवल्यासारखं. चढ सुरू झाला, पहिल्या वळणानंतर भीत भीत ३२ ची चकती लावली. टक, आणि बसली. सायकल इतकी हळू झाली की एक माणूस चालत माझ्याबरोबर राहिला, त्याने विचारलं, "उतरत का नाही?" मी म्हटलं, "आज नाही." मधल्या त्या उभ्या टप्प्यावर, जिथे दर वेळी उतरते, तिथे नजर पुढच्या चाकावर ठेवली आणि फक्त वीस-वीस फेरे मोजले. एकदाही पाय टेकवला नाही. पोचले तेव्हा पिठलं संपलं होतंच, पण दही होतं. ५९ वर्षांचे काका म्हणाले, रोडी घेतलीस का? मी म्हटलं, टायर बघा.

@घाटवेडा, तुमचं म्हणणं अजून डोक्यात आहे. परतीच्या सपाट रस्त्यावर समोरून वारा होता आणि तुमच्यासारखे दोघे वाकून सूं करून गेले, तेव्हा हेवा वाटला. उरलेले पैसे तसेच बाजूला ठेवलेत. पुढच्या वर्षी उंचीला जुळणारी जुनी कुणी विकत असेल तर सांगा, जागेचं सासूबाईंशी बोलेन.

त्यांच्याशी सध्या बरं चाललंय. जुन्या दोन ट्यूब फेकायला काढल्या होत्या, त्यांनी ठेवून घेतल्या. कात्रीने बोटभर रुंदीच्या रिंगा कापल्यात आणि कुरडयांच्या डब्यांच्या झाकणांना लावल्यात. व्हॉल्व्हचा तुकडा तेवढा माझ्या हातात दिला, म्हणाल्या, हे कशाला लागतं का बघ.